तारीख ठाऊक असती तर आलो कशाला असतो?

प्रति,
गोव्यातल्या जुन्या मृत्युनोंदी ज्यांच्या कपाटांत आहेत ते सर्व: नागरी निबंधक, पुराभिलेखपाल, बंदरांचे अधिकारी, चर्चचे पाद्रीविगार आणि कब्रस्ताने सांभाळणाऱ्या मुस्लिम जमाती.

महोदय,

एका सरकारी कार्यालयाच्या खिडकीवर हल्लीच एक कागद डकवला आहे. मयताचे पूर्ण नाव, मृत्यूची तारीख, महिना आणि वर्ष दिल्याशिवाय 1961 पूर्वीच्या वह्यांत शोध घेतला जाणार नाही, असे त्यावर लिहिले आहे. खाली सही, शिक्का. खिडकीतल्या बाईंना मी विचारले, तारीख माहीत नसेल तर? त्या म्हणाल्या, मग शोधून आणा. कुठून आणू? तर म्हणाल्या, मृत्यूच्या दाखल्यावर असते ना.

त्या बाईंवर माझा राग नाही. नियम त्यांनी केलेला नाही, आणि मागे उभ्या असलेल्या रांगेत घरजमिनीच्या कामाला आलेली पंधरा माणसे खोळंबली होती. पण हा नियम ज्यांनी केला, आणि असाच नियम लेखी न करता जे वर्षानुवर्षे चालवत आले आहेत, त्यांच्याशी चारचौघांत बोलावे म्हणून हे उघड पत्र.

मी वास्कोतला. बंदरात नोकरी केली, आता निवृत्त आहे. आमचे मूळ घर रत्नागिरीजवळ साखरतरला. माझ्या आजीचे वडील ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटींवर सुकाणू धरायचे, म्हणून घरात त्यांचे नावच सुकाणीदादा पडले. त्या बोटींवर कामाची वाटणी पक्की असे. वर सलूनमध्ये गोव्याचे ख्रिस्ती बटलर, कुक, स्टुअर्ड. खाली भट्टीपाशी बहुतेक पठाण, पंजाबी नाहीतर सिल्हेटचे. आणि डेकवर सारंग, तांडेल, सुकाणी, कसाब या पायऱ्यांनी आमची कोकणपट्टीची माणसे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात कधीतरी जहाज मुरगावला लागले असताना सुकाणीदादा तापाने गेले. सोबतच्या खलाशांनी त्यांना इथेच कुठेतरी माती दिली आणि जहाज पुढच्या बंदराला निघून गेले. घरी पोहोचली ती त्यांची पेटी, पगाराची बाकी आणि नोकरीचे दाखले गुंडाळून ठेवायची पत्र्याची नळी. दाखल्यांचा कसरीने भुगा केला. नळी अजून आहे.

आजी तेव्हा रांगत होती. शब-ए-बरातेला साखरतरचे घरटी माणूस कब्रस्तानात जायचे. आजीची आई घरातच फातिहा पढायची, आणि तिच्यानंतर आजी. पुढे वडिलांना बंदरात काम लागले, बिऱ्हाड वास्कोत आले. आजी इथे आली ती याच आशेने की आता बापाची कबर सापडेल. ती गेली तेव्हाही सापडलेली नव्हती. मी स्वतः जन्मभर त्या कबरीपासून फार तर दोन-चार मैलांवर राहत आलो आहे, आणि ती कुठे आहे हे मला सांगता येत नाही.

आमच्यात बहुतेक कबरी कच्च्याच असतात. मातीचा उंचवटा, उशाला एखादा दगड, चार पावसाळ्यांनंतर तोही जमिनीला मिळतो. त्यामुळे दगडावर नाव वाचून मला ती सापडणार नाही हे मला कळते. मला वहीतली ओळ हवी आहे. कोण, कुठून आला, कधी वारला, कुठे पुरला. एवढी ओळ कोणीतरी लिहिली असणार, असे मानायला जागा आहे. पोर्तुगीज राजवटीने 1912 मध्ये नागरी नोंदणीचा कायदा केला आणि मृत्यू सरकारदरबारी नोंदवणे धर्म न बघता सर्वांना लागू झाले. ती व्यवस्था इतकी काटेकोर होती की गोवेकर आजही तिच्या दाखल्यांवर वारसाहक्क सिद्ध करतात. मग अडले कुठे?

खिडकीवरच्या कागदामागचे कारण मला माहीत आहे, आणि ते खोटे नाही. खोटी जुनी कागदपत्रे करून मयतांच्या आणि परदेशी गेलेल्यांच्या जमिनी लाटण्याचे प्रकार गोव्यात उघडकीला आले. 2022 मध्ये त्यासाठी विशेष तपास पथक नेमावे लागले, नंतर निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोग बसला. जुन्या नोंदींत फेरफार होतात हे दिसल्यावर वही कोणाच्याही हातात द्यायला अधिकारी कचरणारच. मी त्यांच्या जागी असतो तर मीही कचरलो असतो.

पण या नियमाने अडतो कोण, ते बघा. जमीन लाटायला निघालेल्याकडे नाव असते, तारीख असते, सर्व्हे नंबर असतो, वकीलही असतो. तो पूर्ण तयारीने येतो आणि खिडकीवरच्या सगळ्या अटी पुऱ्या करतो. तारीख नसते ती माझ्यासारख्याकडे, ज्याला त्या वहीतून एक चौरस मीटर जमीनसुद्धा मिळायची नाही. चोराला किल्ली आणि घरच्याला कुलूप, असा हा बंदोबस्त झाला आहे. फेरफार थांबवायचा तर वहीच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्या, त्यावर तारीख टाका, प्रत दुसऱ्या कार्यालयात ठेवा. उद्या कोणी मूळ पानात ओळ घुसडली तर ताबडतोब उघडी पडेल. बंद कपाटातल्या वहीत घुसडलेली ओळ मात्र पकडणार कोण, जर त्या पानाची जुनी प्रतच कुठे नसेल?

जुन्या वह्यांत शोध घेणे आपल्याला जमत नाही असेही नाही. जन्माच्या वह्या बघा. 19 डिसेंबर 1961 पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व मागता येते, म्हणून जन्माच्या नोंदीला मोल आले. तिच्यासाठी एजंट आहेत, भाषांतरकार आहेत, चुकलेले नाव सुधारून घ्यायची वहिवाट आहे. आजोबांचा जन्म नेमका कधीचा हे ठाऊक नसलेली माणसेही चार वर्षे मागेपुढे शोधून घेतात आणि कोणी त्यांना परत पाठवत नाही. मृत्यूच्या वहीवर कोणताही पासपोर्ट मिळत नाही. म्हणून ती तळच्या फळीवर.

आता माझी खरी तक्रार. तारखेच्या नियमाहूनही ती मला जास्त छळते.

वेगवेगळ्या दारांवर मला एकच उत्तर मिळत आले: नोंद नाही. या दोन शब्दांच्या पोटात निदान तीन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात. वही आहे, पाने चाळली, नाव मिळाले नाही, ही एक. वहीच नाही, वाळवीने खाल्ली, पुरात भिजली, दुसऱ्या तालुक्यात गेली आणि परत आली नाही, ही दुसरी. वही आहे, पण उघडलीच नाही, ही तिसरी. पहिल्या उत्तरानंतर मी ते दार सोडून पुढच्या दाराशी जाईन. दुसऱ्यानंतर त्या वहीची दुसरी प्रत कुठे होती का ते शोधीन. तिसऱ्यानंतर मी तिथेच बसून राहीन. पण मला तिन्हींना एकच उत्तर मिळते, तेही तोंडी, आणि तोंडी उत्तरावर अपील करता येत नाही. एका ठिकाणी मी नम्रपणे विचारले की कोणत्या वर्षाची वही पाहिलीत? समोरच्या गृहस्थांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी त्यांचा पगार विचारला.

वही उघडली तरी पुढची अडचण उभीच असते. या नोंदी पोर्तुगीजमध्ये, आणि हाताने लिहिलेल्या. लेखनिकाने नाव कानावर पडले तसे आपल्या लिपीत उतरवले. पोर्तुगीज लेखनात ‘श’साठी रोमन एक्स. त्यामुळे शंकर नावाचा माणूस ‘एस’ अक्षराखाली शोधाल तर मिळणार नाही, तो ‘एक्स’खाली सापडेल. शेखांचे तेच. कोणाचे गाव आडनाव म्हणून लागलेले, कोणाच्या बापाचे नाव त्याच्याच नावाला जोडलेले. त्यातून खलाशाचे नाव सांगणारा कोण, तर सारंग. त्याला पोर्तुगीज येत नसणार आणि लेखनिकाला आमची बोली. हे सगळे लक्षात न घेता कोणी इंग्रजी स्पेलिंगवरून बोट फिरवून ‘नोंद नाही’ म्हणत असेल, तर तो शोध झाला असे मी मानत नाही. ते हस्ताक्षर वाचणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. लोखंडी शाईचे तर वेगळेच दुखणे आहे, ती आम्लाने कागद खाते. जिथे अक्षर जाड तिथे नेमके भोक. आपल्या दमट हवेत हे थांबत नाही. आणखी वीस वर्षांनी तारीख, महिना, वर्ष सगळे घेऊन आलेल्यालाही दाखवायला काही उरणार नाही.

सुकाणीदादा तर गोव्याचेही नव्हते. इथे मेलेला परका माणूस नेमका कोणाच्या वहीत जातो, याचे सरळ उत्तर मला एकाही खिडकीवर मिळालेले नाही. जहाज ब्रिटिश, खलाशी ब्रिटिश हिंदुस्थानातला, जमीन पोर्तुगीजांची. 1894 च्या ब्रिटिश नौवहन कायद्याने जहाजावरच्या माणसाचा मृत्यू लॉगबुकात नोंदवणे आणि त्याच्या सामानाची, पगाराची यादी करणे कप्तानावर बंधनकारक होते. आमच्या घरी पेटी आणि बाकी पोहोचली ती त्याच यादीमुळे. म्हणजे मुंबईच्या शिपिंग ऑफिसला कळले होते. इथल्या बंदराच्या कापितानीला, म्हणजे पोर्तुगीज बंदर-कचेरीला, कळले असणार. मुरगावला ब्रिटिश वकिलात होती, तिलाही. ज्यांनी जागा दिली त्या कब्रस्तानवाल्यांना तर नक्कीच. इतक्या जणांना कळलेली गोष्ट आज कोणालाच माहीत नाही, आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवतो.

गंमत अशी की बाहेरच्या दारांवर माझे जास्त चांगले स्वागत झाले. साम्राज्यातल्या जहाजांच्या जुन्या खलाशी-करारांचा मोठा हिस्सा कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर, तिथल्या विद्यापीठाच्या सागरी अभिलेखागारात आहे. जहाजाचा अधिकृत क्रमांक कळवा, ते पाहून सांगतात. लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात 1891 पासूनच्या खलाशांच्या मृत्यूंच्या वह्या आहेत. युद्धात गेलेल्यांचे तर आणखी सोपे: मुंबईला मशीद बंदरच्या खलाशीगृहात पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून जास्त खलाशांची स्मृती जपली आहे, आणि राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या यादीत नाव टाकले की ते समोर येते. पण त्या यादीला मुदती आहेत. ऑगस्ट 1914 ते ऑगस्ट 1921, आणि सप्टेंबर 1939 ते डिसेंबर 1947, आणि व्यापारी जहाजावरच्याचा मृत्यूही युद्धामुळेच झालेला हवा. मधल्या काळात साध्या तापाने मेलेला सुकाणी त्यात कुठेच बसत नाही. त्याची नोंद असलीच तर इथे, तुमच्याकडे.

दोना पावलाला एक छोटे ब्रिटिश कब्रस्तान आहे. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात इंग्रजांची फौज इथे येऊन राहिली होती, तिची ती खूण. तिथल्या दगडांवरची नावे दोनशे वर्षांनंतरही वाचता येतात, पर्यटक फोटो काढतात. त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही, ते जपले पाहिजेच. फक्त एवढेच की साहेबाचे नाव दगडात गेले आणि त्याचे जहाज हाकणाऱ्याचे वहीत. वही राखणे आपले काम होते.

पाद्रीविगार आणि जमातींचे विश्वस्त यांनाही दोन शब्द. नागरी नोंदणी येण्यापूर्वी चर्चच्या वह्याच सरकारी नोंदीच्या जागी होत्या. साष्टी-बारदेशच्या कितीतरी तारवटी, म्हणजे जहाजांवर नोकरी करणाऱ्या, घराण्यांचा माग त्यांतूनच लागतो. माझा बाणावलीचा एक मित्र आहे, त्याचे आजोबा कुठल्या तरी आफ्रिकी बंदरात गेले. त्यांच्या नावाचा मीस, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, गावात झाला असणार, त्याची टीप वहीत असावी, एवढीच त्याची आशा. वही एका पाद्रीने दाखवायचे कबूल केले, त्यांची बदली झाली, नवीन आलेले म्हणाले आधी वरून परवानगी आणा. माणूस बदलला की नियम बदलतो, हे बरे नाही. आणि कबरींची जागा पुन्हा वापरावी लागते हे मला समजते, चर्चच्या आवारातही आणि कब्रस्तानातही. जागा कमी, मेलेले वाढतेच. मग निदान जुनी कबर उकरण्याआधी तिच्यावर जे काही वाचता येते ते उतरवून ठेवा. आमच्या जमातींकडे तर मी आणखी हक्काने बोलू शकतो. किती कब्रस्तानांत दफनाची वही आहे? आणि जिथे आहे तिथे ती मुतवल्लीच्या, म्हणजे विश्वस्ताच्या, घरच्या ट्रंकेत का आहे? सरकारच्या नावाने ओरडताना आपली ट्रंक आधी उघडावी.

कायद्याचे बळ मी मागायला आलेल्याच्या बाजूने आहे असे समजतो. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचे सतरावे कलम कोणाही व्यक्तीला वहीत शोध घ्यायला लावण्याचा आणि नोंदीचा दाखला मिळवण्याचा हक्क देते. जुन्या वह्या त्या कायद्याच्या आधीच्या आहेत असे म्हणाल, म्हणा. पण 2005 च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमात प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाने आपले अभिलेख सूची करून ठेवावेत असे आहे, आणि त्यात 1961 च्या आधीचे वगळा असे कुठे लिहिलेले मला दिसले नाही. ज्या गोव्यात 1595 मध्ये दियोगु दु कोतु या पोर्तुगीज इतिहासकाराला कागदपत्रे सांभाळायला नेमून अभिलेखागार सुरू झाले, तिथे सूची मागणे म्हणजे काही आकाशातला चंद्र मागणे नव्हे.

तर माझ्या मागण्या.

तारखेची सक्ती काढा. दहा वर्षांची मुदत सांगून शोध मागता यावा. फी वाढवा, वर्षागणिक घ्या, तक्रार नाही.

शोधाचे उत्तर लेखी द्या. कोणत्या वह्या पाहिल्या, कोणत्या नाहीत, कोणत्या गहाळ आहेत, हे त्यात असावे. गहाळ वह्यांची यादी तर अर्ज न करताही दारावर लावता येईल. माझ्या लेखी सगळ्यांत महत्त्वाची मागणी ही आहे; बाकीच्या पैशाअभावी लांबल्या तरी हिला एक कागद आणि एक सही पुरते.

1961 पर्यंतच्या मृत्युनोंदींची छायाचित्रे घ्या आणि नावांची सूची करा. सुरुवात मुरगाव आणि पणजी या बंदरांपासून करा, कारण बाहेरचे लोक तिथे मेले आणि त्यांच्यासाठी भांडायला गावात कोणी नाही. सूचीत मूळ पोर्तुगीज लेखन जसेच्या तसे, शेजारी देवनागरीत नाव. गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकवतात. ही हस्ताक्षरे वाचायचा सराव विद्यार्थ्यांना दुसरीकडे कुठे मिळणार? मृत्यूचे कारण झाकायचे असेल तर खुशाल झाका.

बंदराच्या, वकिलातीच्या, जहाजांच्या कागदांपैकी गोव्यात काय उरले आणि ते कोणत्या कपाटात आहे, याची एक साधी यादी प्रसिद्ध करा. त्यात काही उरले नसेल तर तसे सांगा.

चर्च आणि जमातींनी आपल्या दफनाच्या वह्यांची एक प्रत पुराभिलेखात ठेवायला द्यावी. मूळ वही तुमचीच, तुमच्याकडेच.

यातले सूचीचे काम पगारी माणसांअभावी अडणार असेल तर अडू देऊ नका. बंदरातून, शाळांतून, नोटरीच्या कचेरीतून निवृत्त झालेले आणि जुने पोर्तुगीज वाचणारे काही लोक माझ्या ओळखीचे आहेत. मी स्वतः पोर्तुगीज अडखळत वाचतो, पण आकडे, नावे आणि गावे मला लागतात. आम्ही येऊन बसू. वह्या कार्यालयाबाहेर न नेता, तुमच्या माणसासमोर, तुमच्याच टेबलावर, मोबाईल दारात ठेवून. कधी यायचे ते तेवढे कळवा.

आपला,
मुरगाव बंदराचा एक निवृत्त कर्मचारी,
वास्को